टोपीतून करंट जात नाही, वैनी

खानापूरच्या वैनीनं मंगळवारी बेळगावची अपॉइंटमेंट रद्द केली. सहा महिन्यांचा माझा भाचा झोपून उठला की पाठोपाठ दचकतो, मान खाली, दोन्ही हात वर. डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचं काम टिपायची तपासणी, सांगितला होता. का रद्द केली विचारलं तर, "टाळूतून करंट सोडालेत म्हणे!" आणि एक फॉरवर्ड. करंटची टोपी, मेंदू भाजणारा लाल लाइट, एमआरआयचं रेडिएशन. जागं बाळ गप पडत नाही म्हणून प्रत्येकाला गुंगी. आणि शेवटी, बुद्धी कळायला बोटांचे ठसे पुरे. शेजारच्या आक्कांकडे हाच मेसेज कन्नडमध्ये आलाय. एवढ्या एका बाबतीत दोन्ही भाषांचं एकमत!

आधी करंट. ईईजीचं यंत्र बाळाला काही देत नाही. मेंदूच्या पेशींच्या कामामुळं डोक्याच्या कातडीवर जो अगदी बारीक व्होल्टेज उमटतो, तो फक्त मोजतं. हान्स बर्गरनं 1924 मध्ये माणसाच्या डोक्यावरून तो पहिल्यांदा टिपला. तो समजा 100 मायक्रोव्होल्ट धरला, तरी टीव्हीच्या रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल त्याच्या 15,000 पट. माझ्या मोठीचा ईईजी झाला तेव्हा ती मांडीवर दूध पीत होती. केसांतली पांढरी पेस्ट दोनदा कोमट पाण्यानं धुतली, तरी तिसऱ्या दिवशी कानामागं वाळलेला खडा सापडला. त्रास म्हणाल तर तेवढाच.

असं दचकणं कधी नुसतंच असतं, कधी फिट असते. इन्फंटाइल स्पॅझम, म्हणजे तान्ह्या बाळांना येणाऱ्या एका प्रकारच्या फिट, असतील तर उपचाराला होणारा उशीर बाळाच्या वाढीला भोवतो, आणि ते ईईजीशिवाय नीट कळत नाही. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढा, माझी ना नाही. पण ती काढून झाली की त्याच दिवशी फोन करून नंबर परत लावा.

लाल लाइट म्हणजे एफएनआयआरएस नावाची तपासणी. भाच्याला तो कुणी सांगितलेलाही नाही, बहुतेक संशोधनातच वापरतात. मंद प्रकाश कातडीतून आत जातो आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज देतो. बाळाची कवटी पातळ, म्हणून तो बाळांत जास्त चांगला चालतो. भाजण्याइतकी त्यात ताकदच नसते.

एमआरआयमध्ये लोहचुंबक आणि रेडिओलहरी, एक्स-रे नाही. गुंगीचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य. दवाखान्यात लहान मुलं हलू नयेत म्हणून बऱ्याचदा देतात, आणि आवाज इतका की कान झाकावेच लागतात. पण प्रत्येकाला? 2002 साली 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात गिलेन देहान-लाम्बर्ट्झ या संशोधिकेच्या गटानं तीन महिन्यांच्या बाळांचं फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारं एमआरआय, छापलं. गुंगी नाही, काही बाळं झोपलेली, काही चक्क जागी. त्यांना सरळ बोलणं ऐकवलं आणि तेच उलटं वाजवून ऐकवलं. सरळ बोलण्याला कपाळामागच्या भागानं वेगळी दाद दिली, ती जाग्या बाळांतच. झोपवून हे दिसलं नसतं.

ठशांवर काय बोलायचं! ते पोटातच ठरतात आणि पुढं बदलत नाहीत. मेंदू रोज बदलतो.

वैनी, येताना तो दचकतो तेव्हाचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन या. उठल्या-उठल्याचा. डॉक्टर तोच आधी मागतील.