‘नाली उलटी काढावी लागली’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना राग आला होता. एका ताऱ्याचं वाईट वाटलं. पण ‘उतार उलटा दाखवला’ हे खोटं नाही, म्हणून उत्तर इथेच, सगळ्यांसमोर देतो.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. हिंगण्याकडच्या ४० एकरांवर भाऊंना ले-आऊट पाडायचा होता. डिसेंबरात आम्ही ड्रोन उडवला आणि फोटोंवरून पॉइंट क्लाउड, म्हणजे उंचीसकट मोजलेल्या ठिपक्यांचा नकाशा, तयार केला. त्यांच्या इंजिनिअरच्या मॅपिंग सॉफ्टवेअरला ते कोट्यवधी ठिपके पेलेनात, म्हणून त्यांनी रास्टर ग्रिड, म्हणजे जमिनीचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकात उंचीचा एक आकडा, मागितला आणि आम्ही दिला. ग्रिडवर विसंबून त्यांनी नाली नाल्याकडे न नेता रस्त्याकडे काढली. जेसीबी दीड दिवस चालला, मग ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावल्यावर घोळ कळला. शिवाय बोडीत (लहान तळ्यात) ९,९९९ मीटरचा खड्डा, सगळ्या उंच्या साठ-सत्तर मीटरने कमी, आणि ५ सेंटिमीटरचा ग्रिड मागितला तर ५० चा दिला, या तीन तक्रारी.

उताराचं आधी. रविवारी मूळ पॉइंट क्लाउड पुन्हा उघडला आणि रस्त्यापासून नाल्यापर्यंत आडवा छेद घेतला. धुऱ्यापर्यंत (वावराच्या बांधापर्यंत) ठिपक्यांची रेघ हळूहळू उतरत जाते. धुरा ओलांडला की तीच रेघ एकदम दीड मीटर वर चढते आणि नाल्याच्या काठापर्यंत तशीच सपाट जाते. ती जमीन नाही, उभी तूर आहे. आमचा ड्रोन फोटो काढणारा, लिडारवाला (लेसर किरणांनी मोजणारा) नाही. दाट तुरीत त्याला शेंडे दिसतात, खालची माती दिसत नाही. त्या वावराचा खरा उतार जेमतेम ९० सेंटिमीटरचा, त्यावर दीड मीटरची तूर बसली, म्हणजे नाल्याकडची बाजू कागदावर उंच झाली.

मग आम्ही झाडं-पिकं वगळायची पायरी केली नव्हती का? केली होती. सॉफ्टवेअर ठिपके चाळून जमीन वेगळी काढतं. त्यातली एक रीत अशी, की सगळे ठिपके उलटे करायचे आणि वरून एक गणिती कापड सोडायचं. कापड जिथे टेकेल ती जमीन. एकटं निंबाचं झाड किंवा घर यात बरोबर वगळलं जातं. पण पाच एकर सलग, एका उंचीची तूर त्या कापडाला जमिनीसारखीच वाटते. संत्र्याच्या बागेत अशी चूक डोळ्यांना लगेच दिसते, ओळीने टेकड्या उभ्या राहतात. तुरीत काहीच खटकत नाही. मात्र फोटो आमच्याकडे होते आणि फोटोत तूर पोरालाही ओळखू आली असती. ग्रिड पाठवण्याआधी दोन्ही एकावर एक ठेवून पाहायला हवं होतं. नाही पाहिलं. चूक आमची.

आणि खरं तर चूक त्याहून थोडी मोठी आहे. पॉइंट क्लाउडमध्ये जिथे मोजलं नाही तिथे भोक दिसतं. ग्रिड केला की प्रत्येक चौकोनात एक आकडा येऊन बसतो, मोजलेला असो की शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेला, आणि दोन्ही सारखेच दिसतात. कोणते आकडे कसे आले हे तुमच्या इंजिनिअरला आम्ही सांगितलंच नाही. त्यांनी सगळ्यांवर सारखाच भरवसा ठेवला, यात त्यांचा काय दोष?

बोडीचा खड्डाही आमचाच. हलत्या, चकाकत्या पाण्यावर फोटो एकमेकांशी जुळत नाहीत, ठिपके येत नाहीत. अशा रिकाम्या चौकोनांत उणे ९९९९ टाकायची पद्धत आहे, पण ‘हा आकडा म्हणजे माहिती नाही’ अशी नोंद फाइलमध्ये करावी लागते. ती राहिली, आणि तुमच्या सॉफ्टवेअरने ती खरी खोली धरली. दोन मिनिटांचं काम होतं, लाज वाटते.

उंचीचं मात्र मान्य नाही. नागपूरच्या झिरो माइलजवळच्या १९०७ च्या जीटीएस बेंचमार्कची (जुन्या सर्वेक्षणातल्या, उंची ठरवून दिलेल्या खुणेच्या दगडाची) उंची १०२० फुटांच्या वर, म्हणजे सुमारे ३११ मीटर, ती समुद्रसपाटीपासून. जीपीएस मोजतं ते पृथ्वीच्या गणिती गोळ्यापासून, आणि आपल्याकडे समुद्रसपाटीची पातळी त्या गोळ्याच्या पन्नासहून जास्त मीटर खाली आहे. म्हणून जीपीएसचा आकडा कमी येतो. ४० एकरांत हा फरक जवळपास सगळीकडे सारखाच, त्याने उतार बिघडत नाही. सोबतच्या पत्रात आम्ही हे लिहिलं होतं. (बारीक अक्षरात आणि इंग्रजीत, हे कबूल. पुढच्या वेळी मराठीत, ठळक.)

५ सेंटिमीटरचा ग्रिड मी आजही देणार नाही. ४० एकरांत त्याचे साडेसहा कोटी चौकोन होतात, ५० सेंटिमीटरचे साडेसहा लाख. त्या बारीक ग्रिडमध्ये तुम्हाला ढेकळं दिसली असती आणि कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) वेड्यासारखे वाकडे आले असते. नालीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता काय करतो ते सांगतो. तूर निघाली की तेवढा भाग पुन्हा उडवून देतो, पैसे नाही घेणार. तोवर आजच दुरुस्त फाइल पाठवली आहे: तुरीचा भाग त्यातून काढून टाकला, बोडी रिकामी म्हणून नोंदवली, उंच्या समुद्रसपाटीच्या केल्या. सोबत दुसरा ग्रिड आहे, त्यात प्रत्येक चौकोनात किती ठिपके पडले ते दिसतं. शून्य असेल तिथला आकडा अंदाजाचा समजा. जेसीबीचं बिल ऑफिसला आणा, निम्मं आमच्याकडे. पूर्ण मागाल तर चहा पिऊन भांडू, पण लेव्हल न लावता खोदायला घेतलं हे तुमच्या बाजूचं आहे.

नवीन ग्रिड आला की धुऱ्यापासून नाल्यापर्यंत दहा-बारा जागी ऑटो लेव्हलने पडताळून मगच सही करू. त्या दिवशी इंजिनिअर साहेबांनाही घेऊन या. स्टाफ (लेव्हलची मापाची उभी पट्टी) धरायला माणूस लागेल, आमचा पोरगा बोडीच्या चिखलात पुन्हा उतरायला तयार नाही.