'नाव बदललं? सगळीकडे रिप्लेस मारा, झालं!' नाही, एवढ्यावर होत नाही

एक पोस्ट सध्या बरीच फिरतेय. म्हणणं असं की प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीतल्या (इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या संचातल्या) एखाद्या लिस्ट फंक्शनचं नाव बदललं तर डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे वापर समजावणाऱ्या डॉक्सचं, काम पाच मिनिटांचं. सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारा. जुनं नाव डॉक्समधून साफ काढून टाका, म्हणजे नवख्यांचा गोंधळ नको. जुनं कोणी वापरलंच तर कंपायलर (कोड चालवण्याआधी तपासणारा प्रोग्रॅम) सांगेल. आणि तसंही डॉक्स वाचतं कोण? माझी भाची एका ओपन सोर्स लायब्ररीच्या डॉक्सवर काम करते, असंच एक रिनेम, म्हणजे नाव बदलण्याचं काम, सध्या तिच्याकडे आलंय, तिनेच मला ही पोस्ट पाठवली आणि खाली विचारलं, "मामा, मग मी एकेक पान वाचत बसलेय ते उगाचच का?" नीट काम करणाऱ्या पोरीला असा प्रश्न पडावा याचाच मला राग आलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

फाइंड-रिप्लेस. हा मुद्दा सगळ्यात वेडगळ आणि नेमका हाच लोकांना पटतोय. स्विफ्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत काय झालं ते बघा. ४.१ आवृत्तीत, म्हणजे २०१८ ला, फ्लॅटमॅप या फंक्शनचं कॉम्पॅक्टमॅप झालं असं सगळे सरसकट म्हणतात, पण अख्ख्या फ्लॅटमॅपचं झालंच नव्हतं! क्लोजर (फंक्शनला दिलेला कोडचा छोटा तुकडा) ऑप्शनल (किंमत असेल किंवा नसेल असं काही) परत देतो आणि निल (किंमत नसलेले) गाळले जातात, लिस्टवरच्या फक्त त्या रूपाचं नाव बदललं. आतल्या लिस्ट उलगडून एक सलग लिस्ट करणारं रूप आजही फ्लॅटमॅपच आहे. एसई-०१८७ हा स्विफ्टमधल्या या बदलाचा प्रस्ताव उघडून वाचा, कुठलं रूप बदललं आणि का, सगळं त्यात आहे. आता डॉक्समध्ये सरसकट रिप्लेस मारा. [[१, २], [३]] या लिस्टवर क्लोजरमधून आलेला घटक तसाच परत दिला तर फ्लॅटमॅप [१, २, ३] देतो. तिथे कॉम्पॅक्टमॅप आलं की कोड कंपाइल होतो, चालतो, कुठेही एरर नाही, आणि उत्तर येतं [[१, २], [३]], म्हणजे होतं तसंच. खाली छापलेलं आउटपुट मात्र जुनंच राहतं, आणि शिकणारा बसतो डोकं खाजवत की माझंच काय चुकतंय.

बरं, जिथे बदलाची सूचना लिहिलेली असते त्या ओळीचं काय होतं? "फ्लॅटमॅपऐवजी कॉम्पॅक्टमॅप वापरा" याचं होतं "कॉम्पॅक्टमॅपऐवजी कॉम्पॅक्टमॅप वापरा". जुन्या रिलीज नोट्सचीही तीच गत, ज्या आवृत्तीत ते नावच नव्हतं तिथे ते होतं असं दिसायला लागतं. वर्णक्रमाने लावलेल्या यादीत नवीन नाव जुन्याच जागी पडून राहतं. अँकर लिंका (पानातल्या ठराविक हेडिंगवर नेणाऱ्या) तर कोणाच्या लक्षातच येत नाहीत, कारण हेडिंग बदललं की अँकर बदलतो पण पान उघडतंच, फक्त वरून उघडतं, त्यामुळे नुसता ४०४ (पान सापडत नाही ही एरर) शोधणारा लिंक चेकर सगळं ठीक म्हणून सांगतो.

जुनं नाव साफ काढा आणि कंपायलर सांगेल, हे दोन्ही एकत्रच घेतो कारण खरं नुकसान या जोडीने होतं. कॉटलिन या भाषेत लिस्टमधला सगळ्यात मोठा घटक देणारं मॅक्स हे फंक्शन रिकाम्या लिस्टवर नल (किंमत नाही) द्यायचं. १.४ मध्ये (२०२०) त्याला मॅक्स-ऑर-नल हे नाव आलं आणि मॅक्स डेप्रिकेट झालं (आता वापरू नका अशी वॉर्निंग), पुढे एरर, मग गायब. आणि १.७ मध्ये (२०२२) मॅक्स परत आलं, पण आता रिकाम्या लिस्टवर ते एक्सेप्शन (चालताना येणारी एरर) फेकतं. १.३ च्या काळातला कोड थेट १.७ वर आणला तर मॅक्स हे नाव कंपायलरला मान्यच आहे, नल आलं तर शून्य घ्या असं पुढे लिहिलं असेल तर फार तर एक वॉर्निंग येते, आणि ज्या दिवशी लिस्ट रिकामी येते त्या दिवशी प्रोग्रॅम पडतो. अशा वेळी माणूस डॉक्समध्ये शोधणार काय? मॅक्सच ना! तिथे जुन्या वागण्याचा उल्लेखच काढून टाकला असेल तर त्याला कळणार कुठून? जुना कोड, जुने ट्युटोरियल, जुनी उत्तरं घेऊन येणाऱ्याच्या हातात फक्त जुनंच नाव असतं.

कंपायलरबद्दल थोडं मान्य करतो, नाइलाजाने. स्विफ्टच्या त्या बदलात डेप्रिकेटेडची वॉर्निंग नवीन नावासकट यायची आणि तिचा उपयोग झाला. डॉक्समधली उदाहरणंही आपोआप चालवून बघता येतात, पायथॉनमध्ये डॉकटेस्ट आहे, रस्टमध्ये कार्गो टेस्ट ते करतं, जरूर वापरा. पण ती कोड तपासतात. "रिकाम्या लिस्टवर नल मिळतो" हे साध्या वाक्यात लिहिलं असेल तर ते कुठलंच टूल पकडत नाही, माणसानेच वाचावं लागतं.

डॉक्स कोणी वाचत नाही, यावर काय बोलणार. चुकीची डॉक्स वाचून चुकलेला कोड लिहिणारे रोज भेटतात.

तर भाचीबाई, वाचत राहा. जुन्या नावाचा शोध घे, पण प्रत्येक ठिकाणी थांबून बघ की तिथे कुठलं रूप आहे. जुन्या नावाची नोंद ठेव, कुठल्या आवृत्तीत बदललं ते लिही, वागणं बदललं असेल तर रिकाम्या लिस्टचं उदाहरण आउटपुटसकट दे, आणि जुना अँकर नवीन हेडिंगवर चालू ठेव.