पाहुणे आधी, यजमान नंतर

इंटरनेटवरच्या विश्वकोशात कोणीही लेख लिहू शकतो, ही गोष्ट खरी आहे. पण लिहिलेला लेख टिकवायचा तर माणूस निवृत्त असावा लागतो, त्याला रात्री झोप लागत नसावी आणि घरच्यांनी त्याच्याशी वाद घालणं सोडून दिलेलं असावं. मी तिन्ही अटींत बसतो.

माझा प्रांत अमेरिकन फुटबॉलचे जुने सामने. असं काही नाही की मला हा खेळ कळतो. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये ६ नोव्हेंबर १८६९ रोजी दोन कॉलेजांमधला पहिला सामना झाला, एवढ्या भांडवलावर मी या धंद्यात पडलो. खेळ न कळणं इथे आडवं येत नाही, कारण विश्वकोशात आपल्याला काय कळतं ते लिहायचंच नसतं. छापलेलं दाखवा, एवढंच विचारतात. तुम्ही स्टेडियममध्ये बसून, हात गारठवून सामना पाहिलात? त्याला शून्य किंमत. जन्मात तिकडे न फिरकलेल्या प्राध्यापकाने पन्नास वर्षांनी त्यावर पुस्तक लिहिलं की ते ग्राह्य.

आता त्या १८६९च्या सामन्याचं शीर्षक घ्या. आधी वर्ष, मग पाहुणा संघ, मग यजमान, अशी तिथली वहिवाट. म्हणून ‘१८६९ न्यू जर्सी विरुद्ध रटगर्स फुटबॉल सामना’. यावर रटगर्सचे माजी विद्यार्थी उखडतात. मैदान आमचं, ६-४ असे जिंकलो आम्ही, आणि नाव दुसरं? लग्नपत्रिकेत ‘आमचे येथे’ कुणाचं आधी यावरून दोन व्याही जसे तोंड फिरवून बसतात, तसा प्रकार. प्रिन्स्टनवाले त्याहून दुखावलेले, कारण त्यांचं नावच शीर्षकात नाही. त्यांच्या कॉलेजचं नाव १८९६पर्यंत ‘कॉलेज ऑफ न्यू जर्सी’ होतं, त्याला मी काय करू? शिवाय अधूनमधून कोणीतरी युरोपातून उगवतो आणि विचारतो, याला अमेरिकन फुटबॉल म्हणायचं कशाच्या जोरावर? एकेका बाजूला पंचवीस गडी, चेंडू गोल, तो हातात घेऊन पळायची बंदी. मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच त्याला कोणी उत्तर देत नाही.

त्या सामन्याचा पुरावा काय, तर ‘टारगम’ हे विद्यार्थ्यांचं नियतकालिक. कुठल्या विद्यार्थ्यांचं? रटगर्सच्या, म्हणजे जिंकलेल्यांच्या. आणि त्या वार्ताहराने वृत्तांतात चक्क लिहून ठेवलंय की एकेका डावाचं वर्णन करणं म्हणजे फुकटची मेहनत, सगळे डाव सारखेच होते. बेभान धावणं, आरडाओरडा, लाथा. झालं! दीडशे वर्षं लोक ज्याचा कीस पाडताहेत, त्याच्या हजर साक्षीदाराने पहिल्याच दिवशी हात झटकले. मला हा मुलगा फार आवडतो. आज असता तर विश्वकोशात एक दिवस टिकला नसता.

लोकांनी ठेवलेली नावं हा आणखी एक ताप. ३१ डिसेंबर १९६७ला ग्रीन बेमध्ये उणे पंचवीस सेल्सिअसला ग्रीन बे पॅकर्सनी डॅलस काउबॉइजना २१-१७ हरवलं. मैदानाखालची गरम करायची यंत्रणाच बंद पडलेली. अख्खी अमेरिका त्याला ‘आइस बोल’ म्हणते, पण लेखाचं शीर्षक मात्र वर्ष आणि अजिंक्यपद, कोर्टाच्या दाव्यासारखं कोरडं. ‘गेम ऑफ द सेंच्युरी’ तर विचारूच नका. शतकातला सामना एकच असेल असं आपल्याला वाटतं. इथे १९४६चा आहे, १९६६चा आहे, १९६९चा आहे, १९७१चा आहे. त्यातला १९४६चा ०-० सुटला आणि १९६६चा १०-१०. शतकातून एकदा होणारी गोष्ट, आणि तिचा निकालसुद्धा नाही!

टोपणनावाने बाजी मारली ती १७ नोव्हेंबर १९६८ला. न्यूयॉर्क जेट्स ३२-२९ असे पुढे होते, शेवटचं मिनिट उरलं होतं, आणि एनबीसी या टीव्ही वाहिनीने सामना मध्येच तोडून ठरलेल्या वेळी ‘हायडी’ हा मुलांचा चित्रपट लावला. तिकडे ओकलंड रेडर्सनी दोन टचडाउन ठोकून ४३-३२ असा सामना मारला, जो देशातल्या बहुतेकांनी पाहिलाच नाही. शीर्षक ‘हायडी गेम’. पुरावे ढीगभर, कारण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. मी हे रंगात येऊन सांगत होतो तेव्हा आमच्या हिने विचारलं, “अहो, पण ही हायडी कुठल्या टीमकडून खेळत होती?” चर्चेत येणाऱ्या निम्म्या प्रश्नांपेक्षा हा बरा होता.

सध्या माझी झोप उडवलीय ती २३ नोव्हेंबर १९६८च्या येल विरुद्ध हार्वर्डने. दोघेही तोवर अपराजित. शेवटच्या ४२ सेकंदांत हार्वर्डने १६ गुण काढून २९-२९ अशी बरोबरी साधली. ‘हार्वर्ड क्रिमसन’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकाने मथळा दिला: ‘हार्वर्डने येलला २९-२९ हरवलं’. मथळा अप्रतिम आहे, पण विश्वकोशात विनोदाला खातं नाही. एका नवख्या संपादकाने छापील पुराव्यानिशी विजेता म्हणून हार्वर्डचं नाव भरलं. येलचे एक आजोबा खवळले. पुरावा पक्षपाती, म्हणाले. नवखा म्हणाला, मग निःपक्षपाती पुरावा आणा. मी मध्ये पडून दोघांना धावफलक दाखवला, तर दोघांनीही मला नियम वाचायला सांगितलं: स्वतः आकडे पाहून निष्कर्ष काढणं म्हणजे स्वतःचं संशोधन, ते इथे चालत नाही.

शेवटी मोठ्या मिनतवारीने ‘बरोबरी’वर एकमत झालं. मी लॅपटॉप मिटणार एवढ्यात तिसऱ्याच गृहस्थांचा निरोप आला. बरोबरी त्यांना मान्य होती. पण २९ आणि २९ यांच्या मधली रेघ आखूड पडलीय, गुणांमध्ये लांब रेघ लागते, आणि मथळा जसाच्या तसा द्यायचा की रेघ दुरुस्त करून, यावर सर्वांची मतं त्यांना हवी होती. सर्वांनी दिली.