दोनच बोल्ट तर आहेत!

मोटरसायकलचे हँडल बदलण्याचा निर्णय मी पाठीच्या आग्रहावरून घेतला. मूळ हँडल इतके खाली आणि पुढे होते की तासभर गाडी चालवून उतरल्यावरही माझा आकार काही काळ प्रश्नचिन्हासारखा राहत असे. म्हणून चार बोटे उंच असलेले नवे हँडल आणून बसवले. हे सारे इतके सुरळीत पार पडले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. उरला होता तो पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबला की ब्रेक ऑइल नळीतून चाकाकडे ढकलणारा भाग. जुने हँडल निघाल्यापासून तो स्वतःच्याच नळीला लटकत टाकीवरच्या फडक्यावर आडवा पडला होता. "दोनच बोल्ट तर आहेत, अर्ध्या तासात चक्कर मारून येतो," असे मी घरात जाहीर केले.

त्या दोन बोल्टांनीच पहिला धडा दिला. सिलिंडरला हँडलवर पकडणाऱ्या क्लॅम्पच्या वरची आणि खालची फट समसमान असावी, अशा न्यायबुद्धीने मी दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळत होतो. मॅन्युअल उघडल्यावर कळले की क्लॅम्पवरचा बाण वरच्या दिशेला ठेवून आधी वरचा बोल्ट पूर्ण आवळायचा आणि राहील ती फट खालीच राहू द्यायची. शिवाय फार करकचून आवळायचेही नाही, कारण गाडी पडली तर क्लॅम्प हँडलवर थोडा फिरावा आणि लिव्हर वाचावा. पडण्याचीही सोय करून ठेवणारा हा दूरदर्शीपणा मला किंचित अपमानास्पद वाटला.

नळी मात्र पुरली, असे वाटले. गाडी चाकावर उभी असताना तिला अगदी ऐटदार बाक होता. पुढचे चाक उचलून पाहिल्यावर शॉकअप पूर्ण लांबले आणि नळी वाळत घातलेल्या दोरीसारखी ताणली गेली. म्हणजे लांब नळी आणणे आले, नळी सिलिंडरला जोडणारा पोकळ बँजो बोल्ट उघडणे आले, त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घालणे आले, आणि ब्रेक ऑइल सांडणे तर आलेच. हे ऑइल रंगाचे हाडवैरी आहे. टाकीवर पडलेला थेंब मी कोरड्या फडक्याने इतका मनापासून पुसला की तो टाकीभर पसरला. वास्तविक ते लगेच पाण्याने धुवायचे असते. पाण्याशी त्याची एवढी जवळीक असते की उघडे राहिले तर ते हवेतलाही ओलावा शोषून घेते. नवे डॉट 4 दर्जाचे ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही हमी 155 अंशांवर येते.

नंतर सुरू झाले, नळी उघडल्यावर आत शिरलेली हवा काढण्याचे सत्र. द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. पण त्याच्या नळीत बहुधा माझ्यासारखा बुडबुडा नसावा. द्रव दबत नाही, हवा दबते, आणि म्हणून माझा लिव्हर निर्विकारपणे थेट मुठीला जाऊन भिडत होता. पत्नीला कॅलिपरपाशी, म्हणजे चाकाच्या डिस्कला पकडणाऱ्या चिमट्यापाशी, 8 चा पाना देऊन बसवले. मी लिव्हर दाबून धरायचा, तिने कॅलिपरवरचे हवा काढायचे निपल उघडायचे, ऑइल बाहेर आले की बंद करायचे आणि मगच मी लिव्हर सोडायचा, असा करार होता. "अहो, मी बंद करायच्या आधीच सोडताय तुम्ही!" या वाक्यासह तो सहाव्या फेरीत मोडला, कारण तेवढ्या घाईत निपलमधून ताजी हवा आत शिरली होती. पुढे सिलिंडरवरच्या वाटीतले ऑइल कधी तळाला गेले आणि तिथूनही हवा शिरली, हेही आमच्या लक्षात आले नाही. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा गुन्हेगार सापडला. नव्या हँडलच्या मुठी बाहेरच्या बाजूला उतरत्या होत्या, त्यामुळे सिलिंडरचे बँजो बोल्टचे टोक वाटीपेक्षा उंच झाले होते आणि बुडबुडा तिथे ऐसपैस बसला होता. हवा वर जाते आणि आम्ही तिला रात्रभर खालून हाकलत होतो! ते टोक खाली यावे म्हणून गाडी बाजूच्या स्टँडवर डावीकडे कलती केली, हँडल डावीकडे वळवले आणि लिव्हर हलकेच, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, हलवत राहिलो. वाटीत बारीक बुडबुडे उमटू लागले. हळूहळू लिव्हर घट्ट झाला.

झाकण लावून, हात धुऊन, मी विजयी मुद्रेने गाडीवर बसलो आणि ब्रेक दाबला. पत्नी मागे उभी होती.

"अहो, मागचा लाल दिवा लागायला हवा ना?"

मी वाकून पाहिले. मास्टर सिलिंडरच्या खालच्या स्विचमधून निघालेल्या तारा मोकळ्या लोंबत होत्या. दोनच होत्या, पण या वेळी मी संख्या सांगितली नाही.