पुलाच्या कठड्यावर नक्षी कुठे असावी?

आमच्या बडोद्यात पुलाचे सुशोभीकरण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रस्त्याच्या कडेची नक्षीदार लोखंडी जाळी येते. माझा आक्षेप नक्षीला नाही, तिच्या जागेला आहे.

वाहनांच्या बाजूच्या कठड्याचे काम गाडी खाली पडू न देणे हे आहे, आणि तेही तिला जागीच थोपवून नव्हे, तर वळवून. रस्ते आणि पुलांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सर्वांत भक्कम वर्गाच्या क्रॅश बॅरिअरसाठी, म्हणजे गाडीची धडक सोसणाऱ्या कठड्यासाठी, ३०० किलोन्यूटन वजनाचे, म्हणजे सुमारे ३० टनांचे वाहन ताशी ६० किलोमीटर वेगाने २० अंशांच्या कोनात आदळते असे धरले आहे. या तिरक्या धडकेत कठड्याच्या दिशेने येणारा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपासच असतो; रस्त्याच्या दिशेच्या वेगाने गाडी कठड्याला घासत पुढे सरकावी, यासाठी पृष्ठभाग सलग आणि गुळगुळीत लागतो. उठावदार फुले, पुढे आलेले खांब किंवा रुंद फटी यांत बंपर अडकला की गाडी गर्रकन फिरते, आणि तुटलेला गज काचेतून आतही शिरू शकतो. उड्डाणपुलावरच्या काँक्रीट बॅरिअरच्या खालच्या उतारावर टायरचे काळे पट्टे दिसतात, ते जरूर पाहावेत. तिथे चाक थोडे वर चढून पुन्हा रस्त्यावर आलेले असते आणि त्याची बातमीसुद्धा होत नाही.

याचा अर्थ बॅरिअर ओबडधोबडच असावे असा नाही. टेक्सासमध्ये कमानदार खिडक्यांचा काँक्रीट कठडा प्रत्यक्ष गाड्या आदळवून तपासला गेला आहे. मात्र त्या खिडक्या अरुंद आहेत आणि तो कमी वेगाच्या रस्त्यांसाठी आहे.

शहरातल्या पुलाची गोष्ट आणखी वेगळी. विश्वामित्री नदीतल्या मगरी पाहायला लोक कठड्याला रेलून उभे राहतात (पाहुण्यांना कमाटीबागेनंतर हेच दाखवायचे असते!). अशा ठिकाणी बॅरिअर रस्ता आणि फूटपाथ यांच्यामध्ये घ्यावे आणि सारी नक्षी नदीकडच्या कठड्याला द्यावी. त्याला गाडीची धडक सोसायची नसते, माणसांच्या गर्दीचा रेटा सोसायचा असतो. उंची छातीपर्यंत आणि गज उभे ठेवले, म्हणजे मुलांना पाय रोवून चढता येणार नाही, की बाकी कारागिराला मोकळीक आहे. जुन्या अरुंद पुलांवर मधले बॅरिअर फूटपाथची रुंदी खाते, हे खरे आहे. तिथे मी वाहनांची एक रांग कमी करायला सांगेन, वाहनचालक कितीही चिडले तरी.

सुशोभीकरणाच्या निविदेत रंग आणि दिव्यांच्या जोडीला बॅरिअरचा वर्गही लिहिलेला असावा, आणि नकाशावर वास्तुरचनाकाराबरोबर पूल-अभियंत्याचीही सही असावी, एवढी मागणी आपण नागरिकांनी महानगरपालिकेकडे लेखी करायला हरकत नाही.