‘सदा उलटा’ सेवक आणि पुरातला ह्रस्व उकार

सप्रेम नमस्कार,

गेल्या आठवड्यातील गूढ शब्दकोड्यावर (ज्यात सूत्राच्या शब्दांतच उत्तराची अक्षरे दडवलेली असतात आणि कंसातला आकडा उत्तराची अक्षरसंख्या सांगतो) आपण तीन आक्षेप घेतले आहेत : ‘सदा उलटा वागणारा सेवक (२)’ हे शोधसूत्र वाचकाला फसवते, ‘नाग पुरात सापडला ते शहर (४)’ यात ह्रस्व-दीर्घाची चूक आहे, आणि मराठीत मात्रा अक्षरापासून सुटी होत नसल्यामुळे हा इंग्रजी खेळ आपल्या भाषेला मानवत नाही.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ‘पूर’मधला दीर्घ ऊकार सामान्यरूपात ह्रस्व होतो, आणि सूत्रात छापलेली अक्षरेच चौकोनांत बसवायची असतील, तर ‘पुरात’मधून ‘नागपूर’ मिळत नाही. सुधारलेले सूत्र असे : ‘सापापाठोपाठ पाण्याचा लोंढा येतो ते शहर (४)’.

पहिला आक्षेप मात्र मान्य करता येत नाही. ‘सेवक’ हा उत्तराचा अर्थ आहे, ‘सदा’ ही कच्ची अक्षरे आहेत आणि ‘उलटा’ ही त्यांच्यावर करायची क्रिया आहे. स-दा उलट वाचले की दा-स मिळतो. वाक्यातून उभे राहणारे आडमुठ्या नोकराचे चित्र दिशाभूल करते खरे, पण सूत्रातला एकही शब्द खोटे बोलत नाही, आणि कोडे रचणाऱ्याने पाळायची मर्यादा माझ्या मते एवढीच आहे.

मात्रा सुटी होत नाही, म्हणूनच मराठीत अख्खे अक्षर हे एकक धरावे लागते. ‘सदा’ उलटताना ‘दा’ आपला काना घेऊनच पुढे येतो; ‘कविता’ची अक्षरे फिरवली, तर वेलांटी सुटी न करता ‘विकता’ होते. पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आले, त्यामुळे चौकट बाहेरची आहे हे कबूल; पण संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे, म्हणजे कूटकोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतल्या ‘समागता’ या प्रकारात पदांच्या सांध्यामुळेच अर्थ दडतो. ‘मदन वरातीत दडलेला पती (३)’ हे माझे सूत्र त्याच जातीचे आहे. परवा नागपुरातल्या बर्डीवरच्या चहाच्या टपरीवर एका निवृत्त शिक्षकांनी बराच वेळ त्याकडे पाहिले, मग ‘मदन’ आणि ‘वरातीत’ यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर पेन्सिलीने कंस काढला आणि ‘नवरा’ असे मोठ्याने म्हटले.

इथेही ‘वरात’चे सामान्यरूप झाले आहे, हे आपल्या नजरेतून सुटणार नाही, पण तो बदल ‘वरा’च्या पुढे होतो, त्यामुळे दडलेल्या तीन अक्षरांना धक्का लागत नाही.