एकट्याची फेरी, एकच चेंडू

रिसॉर्टच्या गोल्फ कोर्सवर एकट्याने अठरा होल (चेंडू खळग्यात घालेपर्यंतचा एकेक टप्पा) खेळणाऱ्याकडे लोक बहुधा सहानुभूतीने पाहतात. याला जोडीदार मिळाला नसावा, असे ते धरून चालतात. मला हा दृष्टिकोन मुळातच मान्य नाही. एकट्याने खेळलेली फेरी ही गोल्फची संपूर्ण आणि अतिशय कसदार फेरी असू शकते, मात्र खेळणाऱ्याने ती फेरी म्हणूनच खेळली पाहिजे. समोर मोकळे मैदान दिसले म्हणून जो दोन-तीन चेंडू मारत सुटतो आणि त्यांतला बरा पडलेला पुढे नेतो, त्याने सराव केलेला असतो, फेरी खेळलेली नसते.

एकट्या खेळाडूविषयीचा दुजाभाव जुना आहे. पूर्वी नियमपुस्तकाच्या शिष्टाचाराच्या भागातच असे नमूद होते की एकट्या खेळाडूला कोर्सवर कोणताही हक्क नाही आणि त्याने कोणत्याही सामन्याला वाट करून द्यावी. पुढे हे वाक्य गेले आणि कोणाला आधी जाऊ द्यायचे हे खेळाच्या गतीवरून ठरावे, असा विचार रूढ झाला. तो मला अधिक न्याय्य वाटतो. हँडिकॅपच्या, म्हणजे खेळाडूचे कौशल्य दाखवणाऱ्या आकड्याच्या, बाबतीत मात्र एकटेपणाची अडचण आजही आहे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत फेरी किमान एका व्यक्तीच्या सोबतीने खेळलेली असावी लागते, त्यामुळे एकट्याने केलेला स्कोअर नोंदवता येत नाही. हँडिकॅपवर इतरांचाही विश्वास बसायला हवा, म्हणून ही अट योग्यच आहे. पण स्कोअर नोंदवला जाणार नाही म्हणून तो मोजूच नये, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला पटत नाही.

उलट, मोजण्याची खरी गरज इथेच असते. गोल्फमध्ये खेळाडूने स्वतःचा दंड स्वतः लावावा, अशी नियमांचीच अपेक्षा आहे. बहुतेक फेऱ्यांत पंच नसतो आणि एकट्याच्या फेरीत मार्करही (दुसऱ्याचा स्कोअर लिहिणारा) नसतो. दोन फुटांचा पट (होलजवळून चेंडू हलकेच ढकलण्याचा फटका) राहिला की चौकडीत कोणीतरी ‘उचला’ म्हणते आणि आपण चेंडू उचलतो. स्ट्रोक प्लेच्या, म्हणजे एकूण फटके मोजून खेळण्याच्या, नियमांत अशी सूट नाही, आणि एकटे असताना ती देणाराही कोणी नसतो. म्हणून तो पट खेळावा, १०८ मिलिमीटर व्यासाच्या त्या होलमध्ये चेंडू पडलेला पाहावा आणि मगच आकडा लिहावा. चेंडू झाडीत गेला तर शोधण्यासाठी तीन मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत असत. चार जणांच्या आठ डोळ्यांऐवजी दोनच डोळे शोधत असल्यामुळे फटका मारल्यावर चेंडू थांबेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवण्याची आणि दूरचे एखादे झाड खूण म्हणून हेरण्याची सवय एकट्याला लावून घ्यावीच लागते. तो हरवण्याची शंका आली, तर पुढे जाण्याआधीच प्रोव्हिजनल (पहिला न सापडल्यास वापरायचा तात्पुरता) चेंडू मारावा. होल खेळत असताना सरावाचा फटका मारायला नियमांत बंदी आहे, पण होल संपल्यावर त्याच ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) किंवा ग्रीनजवळ पटिंगचा आणि चिपिंगचा (जवळून चेंडू थोडा उचलून मारण्याचा) सराव करता येतो, मागच्यांचा खोळंबा होत नसेल तर. ज्याला जास्तीचे फटके मारण्याची हौस आहे, त्याला ही मोकळीक पुरेशी आहे.

रिसॉर्टचा कोर्स यासाठी विशेष चांगला, कारण तिथे आपण बहुधा पाहुणे असतो. ग्रीन कुठे उताराचा आहे, पाण्याच्या कडेचा बंकर (वाळूचा खड्डा) खरोखर किती दूर आहे, हे सांगणारा नेहमीचा सोबती नसतो. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहून होल स्वतः वाचावा लागतो. होलपासून जवळच्या की दूरच्या टीवरून खेळायचे हेही अशा वेळी प्रामाणिकपणे ठरवता येते. चौघांत मागच्या टीकडे ओढून नेणारी चढाओढ असते. एकट्याने आपल्या ड्रायव्हरने (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने) चेंडू खरोखर किती दूर जातो हे पाहून टी निवडावी आणि पुढची टी निवडण्यात कमीपणा मानू नये.

शक्य असेल तिथे चालत खेळावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. ओरेगॉनमधील बँडन ड्यून्स या १९९९ साली सुरू झालेल्या रिसॉर्टने चालणे हाच तिथला नियम ठेवला आणि कार्ट केवळ वैद्यकीय कारणासाठी दिली. तरीही जगभरातले खेळाडू तिथे जातात. अनेक रिसॉर्टवर मात्र ग्रीनपासून पुढच्या होलची टी इतकी लांब असते की कार्टशिवाय निभाव लागत नाही. तिथे कार्ट घ्यावी, पण एकट्याने कार्टमधून खेळताना पुढच्या चौकडीला लगेच गाठले जाते आणि मग प्रत्येक टीवर ताटकळावे लागते, हे आधीच ओळखून असावे.

गतीचा हा प्रश्न एकट्याने नीट हाताळला पाहिजे. पुढचे चौघे रेंगाळत असतील आणि त्यांच्या पुढचा होल मोकळा असेल, तर ते वाट देतीलच. पुढे सगळा कोर्स भरलेला असेल, तर वाट मागून काही साधत नाही. दिवस गर्दीचा असेल आणि स्टार्टरने (खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने) तिघांसोबत खेळायला सांगितले, तर आनंदाने जावे. एकटे खेळायचेच असेल, तर पहाटेची पहिली किंवा दुपारनंतरची शेवटची वेळ मागावी. पहाटे ग्रीनवर दव असते, चेंडू संथ धावतो आणि मैदानाचे कर्मचारी कामात असतात. त्यांनी इशारा केल्याशिवाय फटका मारू नये. त्यांचे काम आपल्या फेरीइतकेच महत्त्वाचे आहे. बंकर सारखा करणे, चेंडूने पडलेला खळगा दुरुस्त करणे आणि डिव्हॉट (फटक्याने उखडलेली हिरवळ) भरणे ही कामे पाहणारे कोणी नसतानाही व्हायलाच हवीत. वीज कडाडू लागली तर लगेच खेळ थांबवावा, आणि फेरीला एकटे निघताना स्टार्टरला तसे सांगून निघावे.

एकट्याने होल-इन-वन झाला तर तो खरा का, हा वाद नेहमी निघतो. साक्षीदार नसल्यामुळे क्लब तो फलकावर लावणार नाही, हे समजण्यासारखे आहे. पण फटका एकच होता आणि चेंडू होलमध्ये होता, एवढे खेळणाऱ्याला ठाऊक असेल, तर कार्डावर १ लिहिण्यास त्याने जराही संकोच करू नये.

रिसॉर्ट चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ऑनलाइन आरक्षणात किमान दोन खेळाडूंची अट घालून एकट्या पाहुण्याला बाहेर ठेवू नका. दिवसाच्या सुरुवातीच्या आणि अखेरच्या काही वेळा त्याच्यासाठी खुल्या ठेवा, आणि गर्दीच्या वेळी त्याला इतरांसोबत जोडणार असाल, तर ते आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगा.